कोलकाता पहिल्यांदा बघायचंय? मग हावड्याच्या लाँचपासून सुरुवात करा

आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुठल्या हॉटेलचा नाही, हुगळी नदीवर चालणाऱ्या लाँच सेवेचा आहे, आणि त्या लाँचच्या जोरावर आम्ही बापलेकीने जे कोलकाता बघितलं त्याचा. मी आणि बाबा, दोघंच गेलो होतो जानेवारीत. बाबांचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी, आणि नागपुरात शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेलेली. त्यामुळे ज्यांना आईवडिलांना घेऊन जायचंय त्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

नागपूरकरांसाठी कोलकाता खरं तर सोपं आहे. गीतांजली संध्याकाळी नागपूरहून पकडायची, रात्रभर झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. पुण्याहून आझाद हिंद आहे, तीही नागपूरवरूनच जाते. तरीही आमच्याकडे लोक काशी, पुरी, गंगासागरच्या वाटेवर असलं तरच कोलकात्याला थांबतात आणि एका दिवसात व्हिक्टोरिया मेमोरियल, कालीघाट, दक्षिणेश्वर उरकून पुढे जातात. आम्हीही पहिला दिवस असाच घालवला. एका ट्रॅव्हलवाल्याकडून आधीच गाडी बुक केली होती, 'फुल डे सिटी टूर', आणि दिवसभरात आम्ही जितका वेळ ठिकाणं बघितली त्याच्या दुप्पट वेळ गाडीत बसून होतो, ड्रायव्हर दर ठिकाणी पाऊण तास म्हणायचा, जेवायला तो सांगेल तिथेच थांबायचं, आणि संध्याकाळी बाबा म्हणाले, "आपण शहर पाह्यलं का गं, मला तर फक्त पार्किंग आठवतंय." मला खूप वाईट वाटलं कारण त्यांची ही ट्रिप मी वर्षभर प्लॅन करत होते. त्या रात्री उरलेल्या दिवसांची गाडी रद्द केली, थोडे पैसे बुडाले, बुडू दिले.

व्हिक्टोरिया बघू नका असं मी म्हणणार नाही, १९२१ची ती इमारत डोळे दिपवते, बघाच. पण ती कुठल्याही दिवशी, कशीही बघता येते. बाकी शहर मात्र नदीकडून बघायचं, कारण हे शहर वसलंच नदीच्या काठाने.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला एस्प्लनेडजवळच्या आमच्या हॉटेलवरून टॅक्सी करून मल्लिक घाटाच्या फुलबाजारात गेलो. हावडा ब्रिजच्या कोलकात्याकडच्या पायथ्याला अगदी लागून आहे हा. दादरचा फुलबाजार ज्यांनी बघितलाय त्यांना वाटेल त्यात काय, पण इथे झेंडूच्या माळा जहाजाच्या दोरखंडासारख्या जाड गुंडाळ्या करून माणसं डोक्यावर घेऊन धावतात, भगवी एक गुंडाळी, पिवळी एक गुंडाळी, आणि चेहरा फुलांत बुडालेला. कोलाघाट, बागनान अशा गावांतून पहाटेच्या लोकलने ही फुलं येतात. खाली चिखल असतो, चांगली पकड असलेली चप्पल घाला, आणि वाटेत उभं राहून फोटो काढू नका, डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला थांबता येत नाही. आम्ही एका कडेला पायरीवर उभे होतो तर एका मावशीने बाबांना हाताने खूण करून बाजूला बसवलं, स्वतःची रिकामी टोपली उलटी करून दिली बसायला. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती. बाबांनी निघताना तिच्याकडून जास्वंदाची माळ घेतली.

मग ब्रिज चालत ओलांडला. कॅब करू नका इथे, चालाच. सातशे मीटर आहे, उजाडताना गर्दी बेताची असते आणि फुटपाथ रुंद आहे. १९४३ साली सुरू झालेला हा पूल नटबोल्टशिवाय बांधलाय, सगळं रिव्हेटवर, साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातलं. बाबा दर पन्नास पावलांना थांबून वर बघत होते. मला वाटलं गुडघे दुखताहेत, तर म्हणे नाही, रिव्हेट बघतोय.

पलीकडे हावडा स्टेशन आणि स्टेशनच्या समोरच लाँचचा धक्का. आता मुख्य मुद्दा.

तिकीट पाच-सहा रुपयांच्या आसपास, खिडकीवर सुटे द्या म्हणजे पटकन होतं. इथून वेगवेगळ्या लाँच सुटतात. एक फेअरली किंवा बाबूघाटकडे जाते, ती ऑफिसवाल्यांची, नदी ओलांडून दहा मिनिटांत पलीकडे. दुसरी वरच्या अंगाला जाते, अहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजार, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाने ही घ्यावी असं मी हात जोडून सांगेन. कारण ती ब्रिजच्या बरोब्बर खालून जाते. वरून बस, ट्रक, माणसं जात असतात आणि खाली लाँचमध्ये त्याचा एक सलग घूं असा आवाज ऐकू येतो, सावली अंगावरून सरकते, मग परत ऊन. उजव्या हाताला घाटांची रांग लागते. जुनी गोदामं, विटांतून उगवलेले पिंपळ, घाटावर तेल चोळून घेणारी माणसं, कपडे आपटणाऱ्या बाया. मग निमतला, स्मशानघाट, १९४१ साली रवींद्रनाथांना अग्नी दिला तो इथेच. लाँचमधल्या दोघातिघांनी तिथून जाताना हात कपाळाला लावला. बाबांनीही लावला.

लाँच म्हणजे काही क्रूझ नाही हे लक्षात ठेवा. बाकडी लाकडी, लोक सायकली घेऊन चढतात, भाजीच्या पाट्या असतात. मधे बसायला जागा मिळते पण मजा कडेच्या कठड्याशी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेल्या लोकांना लगेच ओळखीचं वाटेल.

वयस्कर लोकांसाठी एक गोष्ट नीट सांगते कारण ही मला कोणीच सांगितली नव्हती. हुगळी कोलकात्यापर्यंत भरती-ओहोटीची नदी आहे. जेटी पाण्यावर तरंगते आणि काठापासून जेटीपर्यंत एक लोखंडी पूल टाकलेला असतो. भरतीला तो पूल जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला जेटी खाली जाते आणि पूल चांगलाच उताराचा होतो. आम्ही सकाळी गेलो तेव्हा आरामात उतरलो, दुपारी त्याच प्रकारच्या पुलावर बाबांना कठडा धरून एकेक पाऊल टाकत चढावं लागलं. मोबाईलवर भरतीची वेळ बघता येते, गुडघ्यांचा त्रास असेल तर बघूनच निघा. आणि लाँच धक्क्याला लागली की लोक ती पूर्ण थांबायच्या आधीच उड्या मारतात, आपण मारायच्या नाहीत, दोर बांधून होईपर्यंत बसून राहायचं. बाबांना उतरताना बघून लाँचवरच्या पोऱ्याने दोर एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला, काही न बोलता.

शोभाबाजारला उतरलो. घाट आणि रस्ता यांच्या मधून चक्क रेल्वेचे रूळ जातात, ती सर्क्युलर रेल्वे, दोन्हीकडे बघून ओलांडा. तिथून दहा मिनिटांवर कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. नागपूरकरांनो, आपली चितार ओळ डोळ्यांपुढे आणा, आणि ती पन्नास गल्ल्यांत पसरलीय असं समजा. लोक दुर्गापूजेच्या आधी इथे जा म्हणतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने दुर्गापूजेला वारसा यादीत घेतल्यापासून त्या दिवसांत गर्दी असते, पण जानेवारीत सरस्वतीपूजेचं काम चालू असतं आणि ते जास्त शांतपणे बघता येतं. गल्ली एवढी अरुंद की समोरून मूर्ती आली तर आपण भिंतीला चिकटायचं. आत बांबूचा सांगाडा, त्यावर पेंढा सुतळीने आवळून बांधलेला, त्याला हात पाय कंबर सगळा आकार पेंढ्यातच आलेला, मग त्यावर नदीच्या मातीचा थर. एक कारागीर ओल्या फडक्याने सरस्वतीच्या गळ्यावरची भेग पुसत होता. भेग बुजली, त्याने बोट फिरवलं, परत बारीकशी दिसली, परत पुसली. असं किती वेळ. त्याच्या मागे फळीवर चाळीस-पन्नास हंस ओळीने वाळत ठेवलेले, रंग न दिलेले, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. बाबा तिथे अर्धा तास उभे होते. पाऊण तासात आटपा म्हणणारं कोणी नव्हतं.

फोटो विचारून काढा. काही ठिकाणी पैसे मागतात, काही ठिकाणी नको म्हणतात, त्यांचं कामाचं ठिकाण आहे ते.

तिथून बागबाजार पंधरा-वीस मिनिटं चालत. आता इथे मला जे दाखवायचं होतं ते मी बाबांना सांगितलं नव्हतं. बागबाजारात एक साधी गल्ली आहे, नाव 'मराठा डिच लेन'. मराठ्यांचा खंदक. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून येत होत्या, त्यांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पूर्ण झालाच नाही, साधारण तीन मैल खणून काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला, आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड. म्हणजे तुम्ही सियालदावरून टॅक्सीने जाता तेव्हा त्या खंदकावरूनच जात असता.

बाबांनी पाटी वाचली आणि काहीच बोलले नाहीत. आम्ही नागपुरात महालात राहतो, भोसल्यांचा वाडा आमच्या घरापासून चालत. कोपऱ्यावर चहाची टपरी होती, मातीच्या भांड्यात चहा, टपरीवाल्या काकांनी हिंदीत विचारलं कुठून आलात, बाबा म्हणाले नागपूर, महाराष्ट्र. काका हसले आणि म्हणाले, "बर्गी!" बंगालमध्ये मराठा स्वारांना बर्गी म्हणायचे, हा शब्द आपल्या 'बारगीर'वरून आला, ज्याला सरकारातून घोडा मिळायचा तो बारगीर, स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. बंगालमध्ये अजूनही बाळाला झोपवायच्या अंगाईत बर्गी येतात, पिकं बुडाली, आता सारा कुठून द्यायचा, अशा अर्थाची. काकांनी तिच्या दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. बाबा नंतर लाँचमध्ये बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मी पोरांना नकाशावर बाण काढून दाखवायचो, मराठे इथे गेले, तिथे गेले. बाणाच्या टोकाला कोणाचं घर होतं ते कधी सांगितलं नाही." माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचं मोल या गल्लीत होतं. कुठल्याही टूरमध्ये ही गल्ली नसते. मराठी माणसाने पहिल्यांदा कोलकात्याला जाऊन इथे दहा मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

बागबाजारहून परत हावड्याची लाँच घेतली. फेऱ्या ऑफिसच्या वेळेत भराभर असतात, दुपारी थोडं थांबावं लागतं, आणि अंधार पडल्यावर उशिरा त्यावर विसंबून राहू नका. तसं झालं तर श्यामबाजारचं मेट्रो स्टेशन जवळ आहे.

मेट्रोबद्दल. देशातली पहिली मेट्रो ही, २४ ऑक्टोबर १९८४, एस्प्लनेड ते भवानीपूर. आपल्याकडे मुंबईत २०१४ ला आली, नागपुरात २०१९ ला. ती जुनी उत्तर-दक्षिण लाईन पर्यटकाला सगळीकडे नेते: कुमारटुलीला शोभाबाजार सुतानुटी, रवींद्रनाथांच्या घराला, म्हणजे ठाकूरबाडीला, गिरीश पार्क, कॉलेज स्ट्रीटला महात्मा गांधी रोड. आणि मार्च २०२४ पासून हावड्याची नवी लाईन, नदीच्या तळाखालून ५२० मीटरचा बोगदा, पाऊण मिनिटात पार, नदीखालून जाताना बोगद्यात निळे दिवे दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एस्प्लनेड ते सियालदा हा मधला तुकडाही जोडला गेला, त्यामुळे आता हावडा आणि सियालदा ही दोन्ही स्टेशनं एका गाडीने जोडलीत, सामान घेऊन टॅक्सीत अडकायची गरज नाही. तिकीट ५ रुपयांपासून. हावड्याचं मेट्रो स्टेशन खूप खोल आहे, सरकते जिने लांबच लांब, वेळ धरून निघा. आम्ही मुद्दाम एकदा लाँचने नदी ओलांडली आणि परत येताना मेट्रोने तिच्या खालून आलो.

ट्रामच्या भरवशावर प्लॅन करू नका. १८७३ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०२ मध्ये विजेची, मुंबईची ट्राम १९६४ ला बंद पडली तरी कोलकात्याची चालू राहिली, पण २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेडचा तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकी बंद करणार. एस्प्लनेडच्या डेपोत जाऊन विचारा, चालू असेल तर बसाच.

बाकीच्या दोन दिवसांतलं थोडक्यात. जोडासांकोची ठाकूरबाडी, सोमवारी बंद असते. इथेही मराठी धागा आहे, रवींद्रनाथांचे मोठे भाऊ सत्येंद्रनाथ आयसीएस होणारे पहिले भारतीय, त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली, आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. साऊथ पार्क स्ट्रीटचं जुनं कबरस्तान, १७६७चं, तिथे एशियाटिक सोसायटी स्थापणाऱ्या विल्यम जोन्सची कबर आहे, आणि हिंदू स्टुअर्ट म्हणून ओळखला जाणारा एक इंग्रज अधिकारी आहे, त्याची कबर चक्क देवळासारखी बांधलीय. दुपारच्या उन्हात तिथे झाडांची एवढी सावली असते की बाबा बाकावर डुलकी काढून उठले. तिरेटा बाजारचा चिनी नाश्ता रविवारी पहाटे असतो, आठच्या आत संपतो, आमच्यासाठी त्यात शाकाहारी फार नव्हतं, पण मांसाहारी असाल तर नक्की जा, सेंट्रल मेट्रो स्टेशनला उतरा.

कॉलेज स्ट्रीटला मात्र अख्खा दिवस द्या. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. आपल्याला बंगाली येत नाही म्हणून टाळू नका, इंग्रजी पुस्तकं भरपूर आहेत, नकाशे आहेत, आणि पुस्तकवाले नाव सांगितलं की ढिगाच्या नेमक्या थरात हात घालून काढून देतात. कॉफी हाऊस तिथेच वरच्या मजल्यावर, १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते, उंच छत, तुरेवाल्या पगडीतले वेटर, एका कॉफीवर हवा तेवढा वेळ बसा. बाबा तिथे शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या प्राध्यापकांशी तासभर बोलत होते, भास्कररामांवरून. थोडं पुढे कॉलेज स्क्वेअरजवळ पॅरामाउंट म्हणून १९१८चं सरबताचं दुकान आहे, शहाळ्याचं 'डाब सरबत' घ्या, रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र रायांनी सांगितलेली कृती म्हणतात, थंडगार, खाली मलईचे तुकडे.

शाकाहारी माणसाचं कोलकात्यात कसं व्हायचं या काळजीने मी ठेपले, चिवडा सगळं बांधून नेलं होतं, ते जवळजवळ तसंच परत आलं. सकाळी कचुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी किंवा छोलार डाल, हरभऱ्याच्या डाळीची, किंचित गोड, खोबऱ्याचे तुकडे घातलेली, आपल्या जिभेला लगेच आवडते. राधाबल्लभी, म्हणजे डाळ भरलेली पुरी, मिळाली तर सोडू नका. संध्याकाळी बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी. आणि थंडीत गेलात तर नोलेन गुड, खजुराच्या रसाचा नवा गूळ, तो हिवाळ्यातच असतो. हेदुआजवळ नकूरकडे त्या गुळाचा संदेश घेतला, १८४४ पासूनचं दुकान, संदेश चमच्याने कापला तर आत पातळ गूळ बाहेर आला आणि बाबांनी तो कागदावरून बोटाने पुसून खाल्ला. डायबेटिस आहे त्यांना. त्या दिवशी मी काही बोलले नाही.

बसमध्ये एक गोष्ट ऐकाल. बाई किंवा म्हातारं माणूस उतरायला लागलं की कंडक्टर पत्र्यावर हात मारून ड्रायव्हरला ओरडतो, "आस्ते, लेडीज!" आणि बस खरंच हळू होते.

राहायला एस्प्लनेड, चांदनी चौक किंवा पार्क स्ट्रीट यापैकी कुठेही, फक्त मेट्रोपासून चालत असेल असं बघा, बाकी हॉटेलच्या सोयींपेक्षा हे महत्त्वाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. जूननंतर पाऊस आणि दमट हवा, वयस्कर लोकांना नेऊ नका. चार रात्री तरी ठेवा. खर्चाचं विचाराल तर पहिल्या दिवशीच्या गाडीला जेवढे गेले तेवढ्यात पुढचे तीन दिवस आम्हा दोघांचं फिरणं, चहा, मिठाई सगळं झालं.

माझं रेटिंग: लाँचला पाचपैकी पाच. उताराचा पूल लक्षात ठेवलात तर.

परतीची गाडी हावड्याहूनच होती. मी मेट्रोने जाऊ म्हणत होते, सामान होतं, बाबा म्हणाले नाही, बाबूघाटावरून लाँचने जाऊ, अजून वेळ आहे. भरती होती, पूल सपाट होता. बॅगा मधे ठेवल्या आणि ते पलीकडचा काठ येईपर्यंत कठड्याशी उभे राहिले.